धारच्या मातीचा वाडगा

सदाशिव गेल्याचं कार्ड मला इथे देवासला, शाळेत मिळालं. टपालवाल्याने ते हातात दिलं आणि एरवी दोन गोष्टी बोलल्याशिवाय न हलणारा तो माणूस मान खाली घालून निघून गेला. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, तेव्हा कुणीतरी गेलं एवढं कळलंच. अक्षर सदाशिवच्या थोरल्या भावाचं, दादांचं. "आमचे कनिष्ठ बंधू सदाशिव, सरदारांच्या कोठीतले कारकून, यांस आठ दिवसांच्या तापाने देवाज्ञा झाली. तेराव्यास यावे." मी ते तीनदा वाचलं. खरं सांगतो, आधी दुःख झालंच नाही, राग आला. कारकून… छत्तीस वर्षं जगलेल्या माणसाला सख्ख्या भावाने एका शब्दात गुंडाळून ठेवलं होतं. आज सव्वा महिना झाला, तो राग उतरलेला नाही आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही. या मासिकाच्या वाचकांना सदाशिव माहीत असण्याचं कारण नाही, कारण त्याच्याविषयी आजवर कुणी एक ओळ छापलेली नाही. मी इंग्रजी शिकवणारा मास्तर, लेखक नव्हे. पण मी लिहिलं नाही तर कुणीच लिहिणार नाही, म्हणून बसलो आहे.

आम्ही दोघे धारेत एका आळीत वाढलो. मी पाठांतरात हुशार आणि तो मातीत. शाळा सुटली की मांगीलाल कुंभाराच्या अंगणात जाऊन बसायचा आणि घरी आल्यावर अंगणात उभं करून त्याच्यावर घागरभर पाणी ओतलं जायचं. ब्राह्मणाच्या मुलाने चाकाला हात लावला म्हणून दादा त्याला बडवत. तो मार खायचा आणि दुसऱ्या दिवशी परत जायचा. पुढे धारेतल्या एका मोठ्या सरदारांच्या डोक्यात आलं की आपल्याकडे चिनी मातीच्या कपबशा करण्याचा कारखाना निघावा. नाव मी घेत नाही, धारेतल्या लोकांना ते कळेलच. त्या काळी जपानला मुलं पाठवण्याची मोठी हवा होती. कुणी काच शिकायला जाई, कुणी आगपेट्या. मातीत हात घालायला तयार असलेला, चार बुकं शिकलेला मुलगा सरदारांना हवा होता, तो आमच्या आळीत तयारच होता. ज्या खोडीसाठी मार खाल्ला त्याच खोडीसाठी सदाशिव बोटीत बसला.

तीन-साडेतीन वर्षांनी तो परत आला तेव्हा जपानने रूसला हरवून वर्ष होत आलं होतं. अख्खी धार त्याला बघायला लोटली. जो तो विचारी, तोफा केवढ्या होत्या, शिपाई बुटके का, राजा कसा दिसतो. हा सांगे, "मी तर डोंगरातल्या एका खेड्यात माती मळत होतो." लोकांचा विरसच झाला. दादांनी आधी समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त करवलं, डोकं भादरलं, पंचगव्य पाजलं आणि एवढं करूनही त्याचं पान पंगतीपासून हातभर दूरच मांडलं. मग त्याने पेटी उघडली. आत फडक्यांच्या चार घड्यांमध्ये चहा प्यायचा एक वाडगा होता. काळा, जाड, हाताने घडवलेला, कडा कुठे उंच कुठे सखल. एका अंगाला चिमट्याचा व्रण, कारण असला वाडगा भट्टीतून लालभडक असतानाच चिमट्याने बाहेर काढतात. तिथल्या गुरुजींनी त्याला तो दिला होता. म्हणाले होते, तुझा वाडगा याच्या शेजारी ठेवण्यासारखा झाला की मला कळव.

सरदारांनी वाडगा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "याचा कान कुठे आहे?" मंडळी पोट धरधरून हसली. सदाशिव शांतपणे म्हणाला, "याला कान नसतो सरकार, दोन्ही हातांनी धरायचा असतो." झालं. कारखाना बारगळला, कारण सदाशिवला कपबशा करता येत असूनही करायच्या नव्हत्या. आणि सरदारांनी झालेला खर्च वसूल व्हावा म्हणून त्याला आपल्या कोठीत धान्याची पोती मोजायला बसवलं. घरी दादांनी फर्मान काढलं की मातीचं उष्टं भांडं स्वैपाकघरात यायचं नाही, तेव्हा वाडगा ओसरीच्या कोनाड्यात गेला. सदाशिवनेही आपलं बसणं ओसरीवर हलवलं. तिथेच बसून त्यात चहा घ्यायचा. जपानात करतात त्या हिरव्या भुकटीचा नव्हे, ती मिळणार कुठे. आपला साधा गुळाचा, दूध घातलेला. पिण्याआधी वाडगा तळहातावर दोनदा फिरवायचा. मी एकदा विचारलं, हे काय सोंग? तर म्हणाला, "बाळू, भांड्याचा चेहरा आपल्याकडे असतो. त्या चेहऱ्याला तोंड लावायचं नाही, बाजूने प्यायचं." मुलगी त्याला कुणी दिली नाही. समुद्र ओलांडलेला, त्यात कुंभारकामाचं खूळ, कोण देणार?

कोठीतून सुटला की तो मांगीलालकडे जाई. त्याच्या अंगणात कोपऱ्यात या पठ्ठ्याने पेटाऱ्याएवढी भट्टी बांधली होती. मुंज तलावाच्या काठची माती आणायची, चाळायची, मुरत ठेवायची, काळा दगड कुटून त्याचा लेप द्यायचा. मांगीलाल कपाळाला हात लावी. "भिया, चाक छोड़के हाथ से घड़ो हो, यो कंई काम है?" पण चिमटा त्यानेच धारच्या लोहाराकडून करून आणला, पुढे दोन दात असलेला, आणि भट्टीसमोर उभा राहायलाही तोच. वाडगे तडकत, फुगत, लेप ओघळे. सदाशिव ते अंगणातच फोडी आणि पुन्हा माती मळायला बसे. असं किती वर्षं? मी मोजली नाहीत, मला ते खूळच वाटत होतं, हेही कबूल करतो. मग एका माघात तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. हात भाजलेला, चेहरा धुरकटलेला. "बाळू, झाला," एवढंच बोलला. मी जाऊन पाहिला. मला त्यातलं काही कळत नाही, पण तो हातात घेतल्यावर खाली ठेवावासा वाटेना. बाहेरच्या अंगावर त्या चिमट्याचे दोन दात स्पष्ट उमटले होते. "गुरुजींना लिही आता," मी म्हटलं. तो म्हणाला, "आधी दोन्ही शेजारी ठेवून बघतो. अजून धीर होत नाहीये."

तो धीर होण्याआधीच साहेब आला. हिंदुस्थानभर फिरून जुनी भांडी गोळा करणारा कुणी गोरा साहेब सरदारांकडे उतरला होता. जपानी चहाच्या वाडग्यांचं त्याला वेड. धारेत जपानला जाऊन आलेला माणूस आहे असं कळल्यावर त्याने वाडगा पाहायला मागितला. सरदारांचा निरोप आला, घेऊन ये. सदाशिव दोन्ही घेऊन आला. मला म्हणाला, "पारखणारा माणूस आहे. त्याच्यासमोरच शेजारी ठेवू." मी तेव्हा धारेतच मास्तरकी करत होतो, दुभाषा म्हणून मला बोलावलं होतं. दिवाणखान्यात मेजावर दोन्ही वाडगे पहिल्यांदा शेजारी ठेवले गेले. साहेबाने दोन्हींवरून नजर फिरवली, मग एक उचलला तो सदाशिवचा. दोन्ही हातांनी धरला, कुणी न शिकवता. उजेडाकडे नेऊन चिमट्याच्या खुणेवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, हा किती जुना असेल? मी सदाशिवकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतर तर नाहीच. तो मराठीत म्हणाला, "साहेबांना सांग, गेल्या माघातला आहे. हा मी केलाय. माती इथली आहे."

सरदारांनी मान न वळवता, साहेबाकडे बघत हसत हसतच म्हटलं, "मास्तर, जपानचा जुना आहे म्हणून सांगा. इथला म्हटलं तर खाली ठेवून देईल."

आणि मी तसं सांगितलं.

देवासच्या शाळेतल्या जागेसाठी सरदारांचं शिफारसपत्र मला हवं होतं. त्या दिवशी सकाळीच त्यांनी "देतो" म्हटलं होतं. दुसरं काही कारण नाही. मोठं कारण असतं तर सांगताना बरं वाटलं असतं. सदाशिवला इंग्रजी बोलता येत नसे, पण समजत असे. मी काय बोललो ते त्याला अक्षर न् अक्षर कळलं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग मेजाकडे. सरदारांनी तो वाडगा तिथल्या तिथे साहेबाला नजर करून टाकला. "आम्ही पाठवला म्हणून गेला, तिथून आणलं ते आमचंच," असा त्यांचा न्याय. आणलेलं नव्हतंच ते, पण हे बोलणार कोण? जो बोलू शकत होता त्याने नुकतंच उलटं सांगितलं होतं. साहेबाने खूश होऊन एक चिठ्ठी लिहिली, वाडग्यात टाकली, वाडगा आपल्या पेटीत ठेवून ती बंद केली. चिठ्ठीवर काय होतं ते मी वाचलं. 'जपान, प्राचीन.'

परत येताना दोघे धूप तलावापर्यंत आलो. मीच मग काहीतरी पुटपुटलो. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी आज इतका जळत नसतो. तो म्हणाला, "जाऊ दे रे. त्याने आधी माझाच उचलला ना?" मी म्हटलं, "मग गुरुजींना कळव तरी." तर थांबला आणि म्हणाला, "कळवू काय बाळू? दाखवायला आहे कुठे?" त्यानंतर चार वर्षं तो जगला. मातीला हात लावत होता, पण मांगीलालची गाडगी घडवून देण्यापुरता. मी देवासला येऊन मानाचा मास्तर झालो. दिवाळीला धारेत गेलो की तो ओसरीवर चहा द्यायचा, वाडगा दोनदा फिरवायचा, माझ्या मुलांची चौकशी करायचा. त्या दिवसाचा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही, आणि मी तर नाहीच नाही.

तेराव्याला मी धारेत गेलो. ओसरीवर पाऊल ठेवताच कोनाडा बघितला, तो रिकामा. दादांना विचारलं, वाडगा कुठे? ते म्हणाले, "सुतक फिटलं. मातीची भांडी टाकावी लागतात, तुला माहीत नाही? माठ, घागरी, सगळं टाकलं." मला माहीत होतं. सुतकातली माती घरात ठेवत नाहीत हे आपल्यात कोणाला माहीत नाही? पण ओसरीला लागूनच्या खोलीत काचेचं कपाट होतं आणि त्यात सरदारांनी दिलेले सहा विलायती कप, बशांसकट, जागच्या जागी. मी विचारलं, "हे नाही टाकले?" दादा म्हणाले, "ते चिनी मातीचे आहेत." मी म्हटलं, "दादा, ती मातीच ना?" तर माझ्यावरच चिडले. "ते विलायतेचे आहेत. ह्या वेड्यावाकड्या मडक्याशी बरोबरी करतोस त्यांची?" तेराव्याच्या दिवशी, पान मांडलेल्या घरात, वडील माणसाला बोलू नये ते मी बोललो. म्हटलं, "दादा, तुम्ही त्याचं पान जिवंतपणी हातभर दूर मांडलंत, आता मेल्यावर त्याचं भांडंही दूर फेकलंत. तुमचं सुतक फिटायचं नाही." जेवलो नाही. परसात जाऊन उकिरडा उपसला. मागून मांगीलाल आला होता, त्याला कुणी आत बोलावलं नव्हतं. दोघांनी मिळून फुटक्या माठाखालून गुरुजींचा वाडगा काढला. कडेला टवका उडाला आहे, बाकी धड आहे. मांगीलालने तो धोतराने पुसला आणि म्हणाला, "भिया, वो दूसरो तो साहब ले गयो नी? वो तो अपणी माटी को थो." त्याला सगळं ठाऊक होतं. सदाशिवने त्याला सांगितलं होतं, आणि माझं नाव मात्र सांगितलं नव्हतं.

वाडगा आता माझ्याकडे आहे. जपानातल्या त्या म्हाताऱ्याला मी पत्र लिहिलं, की तुमच्या शिष्याचा वाडगा तुमच्याच्या शेजारी ठेवला गेला होता आणि पारख्याने आधी त्याचाच उचलला. पत्ता सदाशिवच्या पेटीत होता. साहेबालाही लिहिलं, की तुमच्या पेटीतली चिठ्ठी खोटी आहे आणि ते खोटं माझं आहे. खुणेचे दोन दात मोजा, तो चिमटा धारेत मांगीलाल कुंभाराच्या घरी आजही आहे. कुणाचंच उत्तर अजून नाही. सरदारांना लिहिलं नाही. हे मासिक त्यांच्याकडे जातं.

मी रोज सकाळी त्यात चहा घेतो. घरातून कुरकुर झाली, तर सांगितलं की माझंही पान दूर मांडा. पिण्याआधी वाडगा दोनदा फिरवतो. टवका कुठे येतो ते बोटांना आता न बघता कळतं.

गेल्या सोमवारी तो शाळेत नेला आणि मेजावर ठेवला. मुलांना सांगितलं, याच्यासारखाच आणखी एक वाडगा आहे, त्याच्याविषयी लिहितो, त्याचं इंग्रजी करा. मग फळ्यावर लिहिलं : हा वाडगा धारच्या सदाशिवने केला. माती इथली आहे.

पाट्यांवर पेन्सिली वाजल्या आणि थांबल्या. मी फिरून एकेक पाटी पाहिली. सगळ्यांचं बरोबर होतं. अगदी मागच्या बाकावरच्यांचंसुद्धा. त्यात अवघड असं काही नव्हतंच.