सोवळ्यातला क्रँकशाफ्ट

मध्यंतरी आमच्या डोंबिवलीच्या घरात देवांपेक्षा क्रँकशाफ्टचं सोवळं कडक होतं.

माझ्या जुन्या जीपच्या इंजिनाची ताकद मी हौसेने वाढवून घेतली होती. त्या वाढीव ताकदीने ते शीळफाट्यापर्यंत गेलं, खडखडलं आणि बसलं. बेअरिंग जळालं होतं. दोराने ओढत जीप सोसायटीत आली, तेव्हा माझी बायको मेधा गॅलरीतूनच म्हणाली, "अजून एकदाच. परत बसली की भंगारात."

म्हणून या खेपेला मी क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, कल्याणला घासून, तोलून, धुऊन आणला. गॅरेज रस्त्याकडेला, तिथे धुळीचं राज्य. त्यामुळे इंजिन बांधायच्या दिवसापर्यंत तो आमच्या हॉलमध्ये, पाटावर, धोतर पांघरून. (धोतर माझ्या लग्नातलं. त्यानंतर ते पहिल्यांदाच कुणाच्या अंगावर चढलं.)

आईला भारी कुतूहल. "ही भोकं कशाला रे?"

"तेलाच्या वाटा आहेत. हा बेअरिंगला टेकत नाही, आई, तेलाच्या सायीवर तरंगत फिरतो. वाट तुंबली की बेअरिंग जळालं."

"एवढं धूड कणभर कचऱ्याने बसतं?"

"कणभर पुरतो."

मग मी नियम काढले. हॉलमध्ये चप्पल नाही, पंखा नाही, केस विंचरणं नाही. मेथी निवडायची ती जिन्यात बसून.

"माझ्या सासूचं सोवळं बरं होतं," आई म्हणाली.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे झाडून सगळ्या हत्यारांची पूजा होते. पाने, पक्कड, आईची विळी, मेधाचा लॅपटॉप. त्यात क्रँकशाफ्टही हवा, हा आईचा हट्ट. मी धोतर काढलं, पण बजावलं, "हळद-कुंकू नाही, उदबत्ती नाही. कुणी काही वाहायचं नाही. लांबून नमस्कार."

आरती झाली. मंत्रपुष्पांजली झाली. आणि मी डोळे मिटून, अगदी मनोभावे, मूठभर अक्षता वाहिल्या!

डोळे उघडले तर दोघी माझ्याकडे बघत होत्या. दोघींच्या मुठी घट्ट मिटलेल्या.

"तूच सांगितलेलंस ना," मेधा म्हणाली.

मी टॉर्च मारून बघितलं, तर तेलाच्या एका भोकात कुंकवाचा तांदूळ. सुईने काढायला गेलो, तो आणखी आत गेला. जीप मला भंगारात दिसायला लागली.

"वाटेला दुसरं तोंड असेलच की," म्हणत आईने सायकलचा पंप आणला. पंपाची नळी चिंधीने भोकात बसवली. मी दुसऱ्या तोंडाशी डोळा लावला. (हे करू नये.) आईने जोर लावला आणि दाणा सुटला तो थेट माझ्या कपाळावर.

"लागला आशीर्वाद," आई म्हणाली.

सगळं पुन्हा धुऊन इंजिन बांधलं. जीप आता शीळफाटा आवाज न करता ओलांडते, मेधाला शेजारी बसवून. दर खंडेनवमीला खाली पार्किंगमध्ये तिची पूजा होते. आई मनसोक्त हळद-कुंकू वाहते, सगळे टाळ्या वाजवत आरती म्हणतात. मी नुसतीच म्हणतो. माझे दोन्ही हात मेधाने मागून धरून ठेवलेले असतात.