पंचमीच्या झोक्यावर घेतलेली मतं

"आरं, ह्या बाईला बोलता येतं का न्हाई?" कॅम्पच्या फाटकावरचा रखवालदार जोडीदाराला विचारत होता. "सकाळधरनं नुसती लिवतीया."

येत होतं. पण माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटात, त्यात मी लाजरी. मनात मराठी वाक्य जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून जायचा. तरी सर्व्हेची नोकरी मिळाली, कारण बायकांना विचारायला बाई हवी होती.

फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं माधवनगरजवळच्या या कॅम्पात राहत होती. त्यांना मुंबईकडच्या मोठ्या कॅम्पात हलवायचं की इथेच राहू द्यायचं, हे ठरायचं होतं. त्यासाठी ओपिनियन सर्व्हे. म्हणजे प्रत्येकाला एकटं गाठून मत विचारायचं. सांगलीच्या ऑफिसात साहेबांनी बजावलं होतं, "शेजारी कोणी असेल तर ते उत्तर मी कॅन्सल करीन."

"येस सर." एवढं मात्र मला पटकन बोलता येत असे.

पण कॅम्पात एकटं होतं कोण? बराकीत ब्लँकेटं टांगून खोल्या केलेल्या. एका खोलीत शिंक आली की चौथ्या खोलीतून आशीर्वाद यायचा. जमना नावाच्या सुनेला मी विचारलं, "यहाँ रहोगी या वहाँ जाओगी?"

"जाएगी!" ब्लँकेटपलीकडून सासरे लोकूमल गरजले.

"जाऊँगी," जमना पुटपुटली. तिला गावातल्या शाळेत शिवण शिकवायचं काम नुकतंच मिळालं होतं. हातातली सुई थांबली होती.

दुपारपर्यंत सगळ्या बायकांची उत्तरं अशीच. सगळी कॅन्सल!

कुंपणाबाहेर गावच्या बायकांनी नागपंचमीचा झोका बांधला होता. त्यांतल्या कोंडाबाई ओरडल्या, "आवं बाई, या की! सणाला असं त्वांड करून बसत्यात व्हय?" त्यांनी मला आणि जमनाला ओढत नेऊन फळीवर समोरासमोर उभं केलं. झोका चढला. कानात वारा, खाली माणसं इवलीशी. आणि एकदम लक्षात आलं, इथलं कोणालाच ऐकू जात नाही!

"यहाँ या वहाँ?" मी विचारलं.

"यहाँ!" जमना खिदळत म्हणाली. "पर ससुरजी को अपने भाइयों के पास जाना है. उनको मत बताना!"

एकाचं मत दुसऱ्याला सांगायचं नाही, हा तर आमच्या कामाचा पहिला नियम. मग मी बायकांमागून बायका झोक्यावर घेतल्या. उतरायचं, लिहायचं, पुन्हा वर. अक्षरंही झोके खाऊ लागली.

"लय झ्याक नोकरी हाय बाई तुमची!" कोंडाबाई म्हणाल्या.

शेवटी लोकूमल आले. "मेरा भी लिखो." त्यांना फळीवर बसवून मी मागून झोका देऊ लागले. उत्तर हप्त्याहप्त्याने आलं. "मुझे तो..." लांब गेले. "...यहीं..." पुन्हा गेले. "...रहना है. बहू का मायका वहाँ है, इसलिए हाँ कहा. उसको मत बताना."

पुढे झोक्याची हकिगत ऐकून साहेबांनी कपाळाला हात लावला, पण एकांत मिळाला होता म्हणून सगळी उत्तरं धरली. कॅम्प हलला नाही. माणसाचं मत पोटात असतं, पण शेजारी कोण उभं आहे ते बघून बाहेर येतं, हे मी तिथे शिकले.

त्या क्षणी मात्र झोक्यावर सासरा, खाली सून आणि मधे तोंड शिवलेली मी. हसू आवरेना. मी झोका थांबवला. जमनाला हाताला धरून आणलं, सासऱ्यांशेजारी बसवलं आणि वाक्य जुळवायला न थांबता, फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कोंडाबाई, द्या झोका! आणि तुम्ही दोघं, आता एकमेकांना विचारा की!"