डावरा राजा

टीव्हीवर राजा-महाराजांचं काही लागलं की आमची ही सैपाकघरातून ओरडायची, "कंच्या हातात हाय वो?" सुनांना कळायचं नाही, म्हातारी काय विचारते. मला कळायचं. मी सांगायचो, "उजव्या." मग ती म्हणायची, "चुकीचं दाखवून राहिले." आणि भाकरी थापायला लागायची. डाव्या हाताने.

तिचं नाव नरसाबाई. देगलूरकडची. ती जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. माझं शिक्षण दोन यत्ता, ते पण उर्दूत, निजामाच्या शाळेत. मराठी मी बाजारातल्या पाट्या वाचून शिकलो. नातवंडं म्हणाली, आजी कशी होती ते लिहा, म्हणून बसलोय. गोडगोड लिहिता येत नाही मला.

आमचं लग्न झालं तेव्हा उदगीरला निजामाचं राज्य होतं. मी आडत बाजारात मापाडी होतो, आलेलं धान्य मापून द्यायचो. ही सोळा-सतराची असेल. बोलण्यात निम्मं तेलुगू. कामाला वाघीण, पण सगळं काम डाव्या हाताने. आणि आमच्या आईला डाव्या हाताने वाढलेलं अन्न म्हणजे विटाळ. लग्नाची हळद उतरली नाही तोवर आईने हिचा डावा हात चिंधीने कमरेला बांधून टाकला. उजव्याने कर म्हणाली. ही करायची, जमेल तसं. मग एकदा पाहुण्यांची पंगत बसली होती, तेव्हा वरणाचं भगुणं हिच्या उजव्या हातातून सुटलं आणि थोरल्या मामाच्या मांडीवर सांडलं. मामा पंगतीतून उठून नाचायला लागला. मला हसू आलं, पण आईचं तोंड बघून गिळलं.

आई सगळ्यांसमोर म्हणाली, "पाडवा झाला की हिला देगलूरला नेऊन घाला. दुसरी बघू. ह्या हाताचं पानी बी नगं मला."

आईपुढे आमच्या घरात वडीलसुद्धा बोलत नसत. ही रडली नाही. मागल्या दारी मला एवढंच म्हणाली, "हात कापून दिला तर ठिवतील का वो आत्याबाई?" थट्टेने म्हणाली की खरं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच दिवसांत किल्ल्याच्या वाटेवर कादरभाईचा तंबू पडला. फिरती टाकी, म्हणजे टॉकीज. गावोगाव सिनेमा दाखवणारा माणूस होता तो. आणि चित्र कुठलं? आपल्या राजाचं. निजामाच्या राज्यात आपल्या राजाचं चित्र! चाकूरहून बैलगाड्या जुंपून माणसं आली. लोक म्हणत होते, वरूनच कुणीतरी कापून पाठवलंय. ते खरंच असावं. राजा तलवार उपसायचा, आणि लगेच गादीवर बसलेला दिसायचा. मधली लढाई गायब. कुणाशी लढला, त्याचा पत्ता नाही. तरी गडी माणसं धाय मोकलून रडत होती. बाहेर पडल्यावर जो तो आपापली लढाई सांगत होता, जशी काही डोळ्यांनी बघितलीय. शेवटी पडद्यावर तसबीर आली ती 'आला हजरतां'ची, म्हणजे खुद्द निजामाची. तेव्हा त्याच ओल्या डोळ्यांनी आम्ही सगळे उठून उभे राहिलो. राहावंच लागायचं.

त्या तंबूची रीत सांगतो. पडदा तंबूच्या मधोमध. पुढच्या अंगाला गडी, मागच्या अंगाला बाया. हिंदूंच्या, मुसलमानांच्या, सगळ्या मागेच. पडद्यावर पाणी मारायचे, म्हणजे चित्र पलीकडूनही चांगलं उमटायचं. उमटायचं, पण आरशात दिसतं तसं उलटं. आमच्यापुढे राजाने उजव्या हाताने तलवार उपसली, की पलीकडे तोच राजा डाव्या हाताने उपसायचा. आमची आई नारळ घेऊन गेली होती. तिला तो राजा म्हणजे देव. वहाणा तंबूबाहेर काढून, हात जोडून बसली होती म्हणे. शेजारी ही, कमरेला हात बांधलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने हिच्या कमरेची चिंधी सोडली आणि पिठाची परात पुढे सरकवली.

वडील म्हणाले, "काय झालं गं?"

"राजा डावरा हाय."

"कोन म्हनतं? उजव्या हातात हुती तरवार. म्या पुढंच बसलो हुतो."

"आन म्या काय आंधळी हाय? गावच्या साऱ्या बायांनी बघितलं. डाव्या हातानं राज्य चालतंय, मंग वरण वाढलं तर काय झालं?"

वडील तणतणत पारावर गेले. तिथे झाडून सगळे गडी म्हणाले, उजवा. विहिरीवर झाडून सगळ्या बाया म्हणाल्या, डावा. घराघरात जुंपली. शेवटी चार जण कादरभाईकडे गेले. तो पान चघळत म्हणाला, "जिधर का टिकट लिये, उधर का राजा दिखा. हमना कायकू पूछते?" मग त्याने उलट-सुलट काय असतं ते समजावून सांगितलं. वडिलांनी घरी येऊन जसंच्या तसं आईला सांगितलं.

आई म्हणाली, "त्यो टिकटं इकनारा. त्याला राजाचं काय ठावं?"

संपलं. पाडवा आला आणि गेला. देगलूरला गाडी जुंपली नाही.

पुढे त्याच हाताने हिने आईला शेवटच्या दुखण्यात भरवलं. आई दुसऱ्या कुणाच्या हाताने तोंड उघडायची नाही. आमची मधली पोरगी पण डावरी निघाली. शाळेत मास्तरांनी तिच्या बोटांवर पट्टी मारली, तर ही पदर खोचून शाळेत गेली. "मास्तर, राजा डावरा हुता." मास्तर भला माणूस. म्हणाला, "बाई, असं कुठं ऐकलं नाही मी." ही म्हणाली, "तुमी कुन्या बाजूनं बघितला?" मास्तर हसायला लागला. पट्टी काही पुन्हा उगारली नाही त्याने. तेव्हापासून तो हिचा शब्दच झाला. कुणी फार ठासून सांगायला लागला, भावकीतलं असो की निवडणुकीतलं, की ही विचारणार, "तुमी कुन्या बाजूनं बघितलं?"

टीव्हीतल्या इतिहासावर तर तिचा दातच होता. राजवाड्यात शंभर दिवे दिसले की म्हणायची, "तेल कुनाच्या बापाचं?" राणी रोज नव्या शालूत दिसली की, "हिची धुनी कोन धुतं, ते दावा की." पोरं वैतागायची. पण बघायची मात्र रोज.

शेवटच्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. खाट टीव्हीसमोर आणली होती. राजाने तलवार उपसली. मी म्हणालो, "आता तरी मान. उजवाच हाय."

ती हसली. "मला तवाच ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?"

"रानीचा पदर उजव्या खांद्यावर हुता. दासींचा बी. आसा पदर कोन घेतं वो? म्या म्हनलं, चित्र उलटं हाय, आपुन मागून बघून राहिलो."

मी विचारलं, "आन आई?"

"आत्याबाईंनी मला कोपर मारलं. 'नरसे, पदर आसा का गं?' म्या म्हनलं, 'जुन्या काळी आसाच घेत आसतील, आत्याबाई.'"

"मंग?"

"माझ्याकडं लई येळ बघितलं. कमरेच्या चिंधीकडं बघितलं. मंग म्हनल्या, 'आसंल.' आन पडद्याला हात जोडले."

आमची आई भोळी नव्हती. लुगड्याचा काठ उलटा की सुलटा, हे ती नुसत्या बोटाने ओळखायची. पंगतीत सगळ्यांसमोर बोललेला शब्द तिला मागे घेता येत नव्हता, आणि सून घालवायची पण नव्हती. एवढं त्या अंधारात त्या पोरीने ओळखलं, आणि सासूला वाट करून दिली. मी बाजारात जन्मभर माप धरलं, पण ह्या दोघींचं माप मला कधी लागलं नाही.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस इतकी वर्षं?"

म्हणाली, "आत्याबाईंची लाज हुती ती. तुमाला कशी सांगू?"

थंडी सरायच्या आत ती गेली.

टीव्हीवर अजून राजे येतात. राजा बोलत असतो आणि त्याच्या मागे पंखे धरून बाया उभ्या असतात. त्यांना बोलायला काही दिलेलं नसतं. मी त्यांच्याकडेच बघत बसतो. सून म्हणते, "मामंजी, गोष्ट तिकडं चालून राहिली."

चालू दे.