साबाई आणि माझा लॅपटॉप

अमरावतीच्या राजापेठेतल्या आपल्या गाण्याच्या क्लासात बाई नवीन विद्यार्थ्याला पहिला महिनाभर ‘सा’च्या पुढे जाऊ देत नसत. इतर क्लासांतली मुलं तेवढ्या वेळात दोन भजनं शिकून स्नेहसंमेलनात गाऊन यायची आणि बाईंच्या क्लासातली मुलं घरी जाऊन आईला नुसता सा ऐकवायची. एखादी आई तक्रार घेऊन आली की बाई तिच्यापुढे चहा ठेवत आणि म्हणत, “सा लागल्याबिगर पुढं पाठवली तर पोरगी रस्ता चुकते, ताई. मग शोधाले मलेच जा लागते.” सगळी राजापेठ त्यांना साबाई म्हणे. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

शाळेत असताना मी त्यांच्याकडे शिकलो. गळा बेताचाच होता, पण सा लागला. पुढे इंजिनिअर झालो, नांदगाव पेठेत एका कापडाच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीला लागलो आणि सुटीच्या दिवशी लॅपटॉपवर संगीत करायला लागलो. कारखान्यातल्या मागांचे आवाज मोबाइलवर टिपायचे, कापायचे, जोडायचे, त्यातून ताल काढायचे, हा माझा नाद. माझी मैत्रीण रेणू अकोल्याची. पुण्यात आधुनिक नृत्य शिकून ती परत आली होती. तिनं अकोल्यात एका सभागृहात तासाभराचा प्रयोग ठरवला. तिचं नृत्य, माझा लॅपटॉप आणि सोबत शास्त्रीय गाणं. गायला कोण, म्हटल्यावर मला एकच नाव सुचलं.

पण बाईंनी मैफली सोडून दिल्या होत्या. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा वरचा आवाज गेला होता. एके काळी अमरावतीत लोक त्यांच्या तारसप्तकासाठी जागा धरून बसत. “जे ऐकाले लोक येत, तेच आता माह्यापाशी नाही,” त्या मला म्हणाल्या. “रिकामी टोपली घेऊन बाजारात कोण बसते?”

मी लॅपटॉप उघडला, समोर माइक ठेवला आणि म्हटलं, “बाई, फक्त खालचा सा द्या.” त्यांनी दिला. तो मी धरून ठेवला, त्यावर दुसरा घेतला, मग तिसरा, चौथा. चारही आवाज एकदम स्पीकरवर सोडले तेव्हा खोलीतली खिडकी थरथरली. बाईंनी मान वळवून स्पीकरकडे पाहिलं.

“ह्या चार बाया कोण आहेत?”

“तुम्हीच, बाई.”

“मग तिसरीले सांग, खाली उतरून राहिली.”

मी तिसरी काढून टाकली. बाईंनी पदर खोचला, तानपुरा जवळ ओढला आणि म्हणाल्या, “आता आणखी एक घे.” होकार असा कधी दिला नाहीच त्यांनी.

त्यांनी पूरिया निवडला. हा राग खालच्या सप्तकात रमतो आणि त्यात सा लवकर येत नाही, वाट पाहायला लावतो. साबाईंनी नेमका तोच राग घ्यावा याचं मला हसू आलं. “हसून काय राहिला? ज्याले सा ठाऊक आहे, त्यालेच तो मागं ठेवता येते,” त्या म्हणाल्या.

दर रविवारी रेणू अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला उतरायची, मी तिला स्कूटरवरून बाईंकडे आणायचो आणि तालमीनंतर गिला वडा खाल्ल्याशिवाय बाई तिला सोडत नसत. त्या डोळे मिटून गात. मध्येच धप्प आवाज झाला की डोळे न उघडताच विचारत, “पोरीले लागलं का?” रेणूच्या नाचात जमिनीवर पडणं, लोळणं, उठणं बरंच असायचं. ती म्हणायची, “नाही बाई, ते तसंच आहे.” “बरं,” म्हणून बाई पुढचा स्वर घेत.

खरं भांडण झालं ते तालावरून. मी त्यांच्या कानात ठोका ऐकू येईल असं यंत्र बसवलं. दोन आवर्तनांतच त्यांनी ते उपटून माझ्या हातात दिलं. “कानात हे टिकटिक करते, अन् मी त्याच्या मागं धावू का?”

“ताल सगळ्यांचा सारखा राहावा म्हणून आहे, बाई.”

“मशीन तुही आहे ना? मग तिले थांबाले शिकव.”

मशीनला शिकवता येत नव्हतं, म्हणून मी शिकलो. ठरलेला वेग काढून टाकला आणि त्यांच्या गुडघ्यावर हलणाऱ्या बोटाकडे बघत एकेक आवाज हातानं सोडू लागलो. पहिले काही रविवार मी सारखा पुढे पळत होतो. बाई नुसत्या गायच्या थांबत. नंतर हळूहळू मीही थांबायला लागलो.

बातमी गावात पसरलीच. गाण्यातले एक जाणकार गृहस्थ बाईंच्या घरी आले आणि गंभीरपणे म्हणाले, “बाई, या वयात तुम्ही डीजेवर गाणार, असं ऐकतो.”

“चुकीचं ऐकलं तुमी,” बाई म्हणाल्या. “डीजे माह्या गाण्यावर वाजणार आहे. या तुमी अकोल्याले.”

ते आले. पहिल्याच रांगेत हाताची घडी घालून बसले. सभागृह अर्ध्याहून जास्त भरलं होतं, त्यात बाईंचे जुने श्रोते बरेच. वरचा आवाज नाही हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांतच कळलं असणार. मला भीती तीच होती. बाई मात्र खालच्या स्वरांत शांतपणे फिरत होत्या, त्यांचेच आवाज त्यांच्याभोवती जमत होते आणि मागांचा ठोका खालून चालला होता.

आणि अचानक बाई गप्प झाल्या.

मी पाहिलं तर त्यांचे डोळे उघडे होते. त्या रेणूकडे बघत होत्या. इतक्या तालमी झाल्या, पण तिचं नाचणं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. श्रोत्यांत कुजबुज झाली. बाई विसरल्या, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. माझा हात पुढच्या आवाजावर गेला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता तळवा उचलला. माइक चालूच होता. “थांब,” त्या म्हणाल्या, “मले पाहू दे तिले.”

सभागृहात हशा पिकला आणि विरला. मी सगळे आवाज एकेक करून काढून घेतले. फक्त रेणूच्या पावलांचा आणि श्वासाचा आवाज राहिला. ती वाकत, वळत मंचाच्या मधोमध आली आणि सावकाश खाली बसली. तिचे तळहात जमिनीला टेकले, त्याच क्षणी बाईंनी सा लावला. इतका वेळ मागे ठेवलेला, खालचा, भरलेला सा. पहिल्या रांगेतल्या गृहस्थांच्या हाताची घडी सुटली.

नंतर विंगेत बाईंनी रेणूचे गुडघे तपासले. “रंगलं आज,” म्हणाल्या, आणि घरी जायची गाडी कुठे लावली आहे ते विचारलं.

त्यानंतर आम्ही अमरावतीत आणि अकोल्यात आणखी काही प्रयोग केले. मग बाई मुलाकडे इंदूरला राहायला गेल्या. निघताना क्लासातल्या मुली रडत होत्या. बाई त्यांना म्हणाल्या, “रडून गळा काहून बसवता?” आणि रिक्षात बसून गेल्या.

चार-पाच महिन्यांनी त्यांचा फोन आला. “इथं एक पोट्टा भेटला, तुह्यासारखाच लॅपटॉपवाला. सामान तुह्यापेक्षा भारी आहे त्याच्यापाशी.” मला थोडं लागलंच. त्या पुढे म्हणाल्या, “पण लय घाई करते. तुमचं दोघांचं नवीन काही असंन तर पाठव, त्याले ऐकवीन.”

मी आणि रेणूनं आठवडाभर खपून एक तुकडा तयार केला. माग, सतार, पावसाळी नाल्याचा आवाज, जे जे येत होतं ते सगळं त्यात घातलं आणि पाठवलं. संध्याकाळी बाईंचा निरोप आला, “चांगलं आहे. अर्धं काढून पाठव.”

आम्ही दोघांनी बसून अर्धं काढलं. पुन्हा ऐकलं. रेणू उठली आणि नाचायला लागली.