सर्टिफिकेटवाला गडी

"हा आमचा गडी. जागा हाच दाखवील."

काका गाडीतून उतरता उतरता म्हणाले. पुण्याहून आलेले साहेब, त्यांच्या मॅडम आणि त्यांचे एक मित्र, तिघांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या चपलांकडे बघितलं. मॅडमनी छत्री, पर्स आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मी घेतली.

मी गडी नव्हतो. मी एजंट होतो. जागा-जमिनीच्या एजंटांसाठी सरकारने जी परीक्षा ठेवली आहे, ती मी पास झालो होतो. काका पास नव्हते. ते परीक्षेला बसलेच नव्हते. "या वयात पेपर कोण लिहितो? तू लिही," असं म्हणून त्यांनी मला बसवलं होतं. कायद्याप्रमाणे त्यांच्या ऑफिसात कुणाचं तरी सर्टिफिकेट लागत होतं. ते माझं होतं. फ्रेम करून काकांच्या खुर्चीमागे लावलं होतं. गणपतीच्या तसबिरीच्या खाली.

काका म्हणजे माझे नात्याचे कुणी नव्हेत. ऑफिसचे मालक. आमच्या गावाची खोती त्यांच्या घराकडे होती. माझे पणजोबा त्यांचं कूळ. खोती कधीच गेली. पण माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, अजून काकांच्या घरी गेले तर खळ्यात, म्हणजे अंगणातच, उभे राहतात. ओटीवर चढत नाहीत. काका "बस रे" म्हणतात, तेही खळ्यातल्या पायरीकडे बोट दाखवून.

ऑफिसात काका मला "गड्या" म्हणायचे. "काय गड्या, आलास?" "गड्या, चहा सांग बघू." मला वाटायचं, मित्राला म्हणतात तसं म्हणत असतील. खरंच वाटायचं. त्या दिवशी सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, कळलं की त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि माझ्या वाट्याचा कुठला.

मी तेव्हा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. आबा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत माल चढवायला-उतरवायला जातात. परीक्षेचा क्लास मोबाईलवर असायचा आणि आमच्या वाडीत रेंज नाही. म्हणून मी वर सड्यावर जाऊन कातळावर बसायचो. क्लासचे सर एकदा म्हणाले, "दलाल गिऱ्हाईकाला जागा दाखवतो. एजंट गिऱ्हाईकाला जागेबद्दल खरं सांगतो. एवढाच फरक आहे." मला ते फार आवडलं. कुणीतरी मला सांगत होतं की खरं बोलणं हेच तुझं काम आहे. असं काम आमच्या घरात कुणाला मिळालं नव्हतं.

आणि काका त्या तिघांना जी जागा दाखवायला घेऊन आले होते, ती तोच सडा. त्याचे प्लॉट पाडले होते. वरून समुद्राची निळी रेघ दिसते. साहेबांना तिथे बंगला बांधायचा होता आणि सगळीकडून चिऱ्याची भिंत.

"ही पायवाट कसली?" साहेबांनी विचारलं.

"गुरांची," काका म्हणाले. "आता गुरं तरी कुठे राहिलीत!"

ती गुरांची वाट नव्हती. ती आमच्या वाडीची वरची वाट होती. वाडीतलं माणूस गेलं की त्याला त्या वाटेने नेतात. सड्याच्या पलीकडच्या उतारावर आमची जाळण्याची जागा आहे. आमच्यात मेला म्हणत नाहीत. "वरच्या वाटेला लागला" म्हणतात. माझी आजी त्याच वाटेने गेली. मी मडकं धरून पुढे होतो. काकांना हे ठाऊक होतं. आजीच्या वेळी ते स्वतः सड्यापर्यंत आले होते.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं. मी गप्प बसलो. हातात छत्री होती, पर्स होती.

मग काकांना हुक्की आली. "आमच्याकडे जागा घेताना राखणदाराला, म्हणजे जागेच्या देवाला, सांगावं लागतं बरं का. गाऱ्हाणं घालायचं. याचे वडील वाडीत गाऱ्हाणं घालतात. हाही घालील. घाल रे."

"काका, ते असं नाही घालत," मी म्हटलं. "नारळ नाही. आबा नाहीत."

"अरे, मंडळींना गंमत बघू दे. लाजतोस काय बायकांसारखा?"

"ओह प्लीज!" मॅडम म्हणाल्या. "मी रील करते. एकदम ऑथेंटिक होईल."

"आणि आम्ही 'व्हय महाराजा' म्हणायचं ना? ते माहितीये आम्हाला," त्यांचे मित्र म्हणाले.

मॅडमनी त्यांच्या वस्तू माझ्याकडून परत घेतल्या, माझे हात जोडलेले दिसावेत म्हणून. साहेबांनी मला उन्हाकडे तोंड करून उभं केलं. काका म्हणाले, "पँटचा पाय जरा वर दुमड. बरं दिसेल." मी दुमडला. हे लिहिताना आजही कान तापतात. मी दुमडला.

मी हात जोडले. डोळे मिटले. आबांचा आवाज कानात आला आणि तोंडातून शब्द सुटले.

"बा देवा म्हाराजा! हितल्या राखणदारा, सीमेच्या धन्या! आज ही पुन्याची मंडळी तुज्या जागंवर आली हायती. त्यांचा मान मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय महाराजा!" तिघं ओरडले. हसले.

आता गाऱ्हाण्याचा एक नियम आहे. राखणदारासमोर जागेचं खोटं बोलता येत नाही. जे आहे ते सगळं सांगावं लागतं. कुणाचा वाटा, कुणाची वाट, कुणाचं भांडण. आबा तर घरातली भांडणंही सांगतात. माझी जीभ थांबली. आणि मग तीच पुढे गेली.

"हितना आमची वरची वाट जाते रे म्हाराजा! आमचे आजे-पंजे ह्याच वाटेना वर गेले रे म्हाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ही वाट हितं हाय, ह्या मंडळीस्नी कोणी सांगितला नाय रे म्हाराजा! ती अडीवली तर आमी आमची मानसा कुटना न्यायची रे म्हाराजा!"

"व्हय महाराजा!"

मी डोळे उघडले. साहेबांचे मित्र हसून हसून गुडघ्यावर वाकले होते. मॅडमचा मोबाईल माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर. "किती गोड आवाज आहे ना याचा!" त्या म्हणाल्या.

मी खरं सांगितलं होतं. ओरडून सांगितलं होतं. आणि ते होय होय म्हणाले होते. एकट्या काकांना कळलं होतं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

त्या क्षणी मला काहीतरी तुटल्यासारखं वाटलं. धैर्य वगैरे म्हणणार नाही. मी पँट सरळ केली. आणि कॉलेजात बोलतो त्या भाषेत बोललो. आवाज बारीक येत होता.

"साहेब, मी आत्ता काय म्हणालो ते सांगतो. ही गुरांची वाट नाही. आमच्या वाडीची प्रेतं या वाटेने नेतात. तुम्ही इथे भिंत घातली तर ती वाट बंद होईल. हे तुम्हाला विकत घेण्याआधी कळायला हवं."

मॅडमनी मोबाईल खाली केला.

साहेब माझ्याशी बोलले नाहीत. त्यांनी काकांना विचारलं, "हा कोण आहे नक्की?"

"म्हटलं ना, गडी आहे."

"मी एजंट आहे," मी म्हटलं. "परीक्षा पास आहे. ऑफिसात माझंच सर्टिफिकेट लावलंय."

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला हसावं तसं हसले. "अरे, तसली सर्टिफिकेटं काय, आजकाल कुणालाही मिळतात." मग काकांकडे वळून हळूच म्हणाले, "या वाटेचं कागदावर काही आहे?"

"कागदावर काही नाही."

"मग प्रश्न मिटला."

मिटला. खरंच मिटला. त्यांना कळल्यावर ते जागा घेणार नाहीत, असं मला वाटलं होतं. माझा सगळा अभ्यास त्या एका वाक्यावर उभा होता, की गिऱ्हाईकाला माहिती नसते म्हणून अन्याय होतो. गिऱ्हाईकाला माहिती होती. त्याने जागा घेतली. फक्त भाव थोडा पाडून घेतला, वाटेचं कारण सांगून.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो. भिंतीवरची फ्रेम काढली.

"ती ठेव तिथे," काका म्हणाले. "तू नको येऊस हवं तर. ती राहू दे."

"नाव माझं आहे, काका."

"नाव! अरे, तुझ्या पणज्याला नाव विचारत नव्हतं कोणी." मग म्हणाले, "जा. सर्टिफिकेटवाली पोरं ढिगाने मिळतात."

ते खोटं नव्हतं. पुढच्या महिन्यात तिथे दुसऱ्या मुलाची फ्रेम लागली. माझ्याच कॉलेजचा आहे. त्यालाही ते गड्याच म्हणतात.

आबांना मी सगळं सांगितलं. मोबाईलसमोर गाऱ्हाणं घातल्याचंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देवान् आयकला आसंल. मानसान् नाय आयकला." आणि विचारलं, "आता नोकरी?"

नोकरी मिळाली नाही. अजून नाही. शहरातल्या दोन ऑफिसांत गेलो. एकाने आडनाव विचारून चहा पाजला आणि कळवतो म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, "तूच ना तो, सड्यावरचा?" कॉलेजातली मुलं विचारतात, ती परीक्षा द्यावी का, उपयोग होतो का? मी काय सांगू? नोकरीसाठी देत असाल तर तुमचं नाव भिंतीवर लागेल आणि तुम्ही भिंतीखाली उभे राहाल. मानासाठी देत असाल तर देऊ नका. मला त्यातून एकच गोष्ट मिळाली. गप्प बसणं हासुद्धा धंदाच आहे आणि त्याचे पैसे मिळतात, हे कळलं. तो धंदा मला करायचा नाही.

पावसाळ्यानंतर भिंत उभी राहिली. आमच्या वाटेच्या तोंडावर लोखंडी फाटक आणि कुलूप. तहसीलदारांकडे वाडीतर्फे अर्ज केला आहे. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला. सह्या करायला म्हातारी माणसं आणि मी. तारखा पडतात. साहेबांचा वकील येतो, आमच्यातर्फे मी उभा राहतो. निकाल आमच्या बाजूने लागेल असं मला वाटत नाही. कुणालाच वाटत नाही.

वाडीत शेजारची एक काकी अंथरुणाला खिळली आहे. काकांनी निरोप पाठवला होता, वेळ आली तर टेम्पो देतो, खालच्या डांबरी रस्त्याने न्या. वाडीतले काहीजण बरं म्हणाले. मी नाही म्हणालो. आबा आडवे आले नाहीत.

काकी जाईल तेव्हा तिला आम्ही वरच्या वाटेनेच नेणार. पुढचा खांदा माझा. फाटकापाशी तिरडी खाली ठेवणार. कुलूप निघेपर्यंत ती मी उचलणार नाही आणि कुणाला उचलू देणार नाही.