मोठीआईचा मोकळा गळा

मोठीआई गेल्याचा फोन आईनंच केला. मी अमरावतीहून अकोल्याला पोचले तेव्हा तिला बैठकीत खाली निजवलं होतं. हिरवं पातळ, कपाळभर कुंकू आणि गळ्यात काळ्या मण्यांची नवीकोरी पोत. नवऱ्याआधी गेली म्हणून सवाष्णीचा सगळा साज! ती पोत पाहिली आणि माझ्या डोक्यात सणकच गेली. बायकांमधून घुसून मी ओरडले, "कोणी घातली ही? काढा आधी!" आई रडत म्हणाली, "मी घातली. अहेव गेली माही बहीण... तमाशा नको करू माय." म्हणजे याही वेळी पोत घालणारी आईच.

मोठीआई म्हणजे आईची थोरली बहीण. आवाज असा, की ती लाडानं बोलली तरी शेजाऱ्यांना भांडण लागल्यासारखं वाटायचं. मी एकोणीस वर्षांची, अमरावतीला कॉलेजात होते, तेव्हाची गोष्ट. ओटीपोटात डाव्या अंगाला कळ यायची, कोणी आत हात घालून पिळून काढतंय अशी. ओकून ओकून मी मोरीतच आडवी व्हायची. आई ओवा चावायला द्यायची, गरम पाण्याची पिशवी द्यायची. लेडीज डॉक्टरचं नाव काढलं की तिचा चेहराच उतरायचा. कुवारी पोरगी त्या बाकावर बसलेली कोणी पाहिली तर? झालं, संपलं! मग कोण करतं लग्न! आमच्याकडच्या बायकांनी यावर एक तोड काढून ठेवली होती. मुलीला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात न्यायचं आणि जाताना तिच्या गळ्यात कोणाची तरी पोत अडकवायची. बघणाऱ्याला वाटावं, नवी नवरी आहे.

कळ थांबेचना, तेव्हा आई मला एस्टीनं अकोल्याला घेऊन निघाली. बडनेरा सुटल्यापासून मी ओढणीचा बोळा दातात धरून बसले होते. मोठीआईच्या घरी पोचल्या पोचल्या आईनं आधी तिची पोत मागितली. "हे सोंग काहून वं?" मोठीआई कुरकुरली. पण आई हातापाया पडायला लागली तशी तिनं गळ्यातली काढून दिली. ती आईनं माझ्या गळ्यात घातली. काळे मणी घामानं मानेला चिकटले. तशाच आम्ही तिघी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी पोत पाहिली आणि लग्न झालंय का, हे विचारलंच नाही. "पाळी कधी चुकली? मिस्टर आलेत का?" मी काय बोलणार, कपाळ! पडद्यामागे टेबलावर झोपवलं, पाय वर घ्यायला लावले, आणि एका शब्दानं न सांगता त्या आतून तपासायला लागल्या. मी किंचाळले. माझी लाथ लागून ट्रे खणखणत फरशीवर आदळला. सिस्टरनं माझे गुडघे दाबून धरले. "लग्न झालेल्या बाईनं एवढं काय ओरडायचं?" असं ती म्हणतेय तोच पडदा दांडीसकट खाली आला. मोठीआई! तिनं माझ्या गळ्यातली पोत मुठीत धरली आणि असा हिसडा दिला की माझी मान सोलून रक्त आलं. मणी टेबलाखाली, ट्रेखाली, सगळीकडे उडाले.

"सोडा तिचे पाय! पोट्टी कुवारी हाये. पोट दुखून राह्यलं तिचं, एवढंच!"

"मग हे गळ्यात कशाला घातलं?" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

"आमी मूर्ख हाओ म्हनून. पन तुमी इचारलं काहून नाही?"

बाईंनी हातमोजे काढून टाकले. मग मात्र त्यांनी वेळ घालवला नाही. पोटावरून सोनोग्राफी केली. अंडाशयावर गाठ होती, तिला पीळ पडला होता. त्याच दुपारी ऑपरेशन झालं. डावं अंडाशय काळं पडलेलं, काढून टाकावं लागलं. "आधी आणायला हवं होतं हिला," डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या. आई भिंतीला डोकं आपटून घ्यायला लागली. मला तिची कीव आली नाही. खरं सांगते, अजूनही पुरती येत नाही.

संध्याकाळी मोठेबाबा, म्हणजे मोठीआईचे यजमान, वॉर्डात आले. माझ्याकडे बघायच्या आत त्यांना बायकोचा मोकळा गळा दिसला. पोत कशी तुटली ते ऐकलं आणि सगळ्या वॉर्डासमोर त्यांनी तिच्या खाडकन थोबाडीत मारली. तिच्या ओठातून रक्त आलं. तिनं हातातला वरणाचा डबा उचलून सरळ त्यांच्या छातीवर हाणला. शर्टावरून पिवळं वरण ओघळत असताना ती ओरडली, "पोत तुटली तं तुमी मेले का? हा ना जिते? मंग?"

त्या दिवसानंतर तिनं गळ्यात मणी घातला नाही. लग्नकार्यात बायका टोचून बोलायच्या. मोठेबाबांनी कितीतरी दिवस अबोला धरला. तिनं त्यांना रोज जेवायला वाढलं, पण पोत काही घातली नाही. पुढे नात्यातल्या, गल्लीतल्या कितीक मुलींना ती दवाखान्यात घेऊन गेली, सगळ्या मोकळ्या गळ्यानं. बाकावर कोणी खोदून विचारलं की तिथूनच गरजायची, "कुवारी हाये. तुले काई तरास?" मी दवाखान्यात जाते तेव्हा आजही तिचं ते वाक्य ओठावर येतं... आणि कोणी फारच विचारलं तर मी बोलूनही टाकते.

तर अशा बाईच्या गळ्यात पोत घालून तिला न्यायला निघाले होते! मी हात पुढे केला, आईनं माझं मनगट धरलं. आमची ओढाताण चाललेली असताना कोपऱ्यातल्या खुर्चीतून मोठेबाबा उठले. आता बोलत नाहीत फारसे, चालताना भिंत धरतात. खाली बसले. तिच्या मानेमागे हात घालून आकडा चाचपू लागले. आकडा काही निघेना.

"राहू द्या ना भाऊजी," आई म्हणाली. "तुमी हा ना जिते."

"तिले चालत नोतं ते," मोठेबाबा म्हणाले, आणि त्यांनी हिसडा दिला.

मणी फरशीभर उडाले. आई सवयीनं वेचायला वाकली आणि अर्ध्यातच थांबली.