सातव्या घरावरची स्वारी

बॅटरीचा जळून गेलेला बल्ब पितळी बाजू खाली करून धरला, की त्यात एक डोकं दिसतं. पितळेची मान, वर काचेचं गुळगुळीत टक्कल आणि आत, मेंदूच्या जागी, लोंबणारी एक तुटकी काळी तार... आमच्या बापूमामाच्या डोक्यात तेवढीही तार नव्हती, हे मला दहाव्या वर्षीच कळलं होतं आणि आज ऐंशीच्या घरात आले तरी त्या मतात फरक पडलेला नाही. अशी सात डोकी मी जमवली होती. पत्र्याच्या एका डबीत, वातींच्या कापसात ती निजलेली असत. डबी कानाशी धरून हलवली की त्यांच्या तारा किणकिणत, आणि तो नाजूक आवाज ऐकत मी कितीतरी वेळ मोरीच्या उंबऱ्यावर बसून राही.

ते छप्पन साल होतं. ठाण्याला नौपाड्यात एका चाळीच्या तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. दिवाळी जवळ आली, की चाळभर भाजणीचा, उटण्याचा आणि भिजवलेल्या गेरूचा वास एकमेकांत मिसळून जाई आणि अंगणात पोरांचा किल्ला उभा राही. माझा दादा त्या पोरांचा म्होरक्या. किल्ल्याला मुलींनी हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. आम्ही मोहरी पेरायची, पुढे रांगोळी काढायची आणि लांबून ‘वा’ म्हणायचं. आणि किल्ला तरी कसला! चार दगड, त्यांवर भिजकं पोतं, पोत्यावर चिखल — की झाला रायगड. त्यावर जांभळी नाक्यावरून विकत आणलेले मावळे. एकाच साच्यातून काढलेले, गालांना गुलाबी रंग फासलेले, डोळे झाडून सगळ्यांचे तिरळे. शत्रू उजवीकडून आला असता तर ते डावीकडे बघत धारातीर्थी पडले असते. दिवाळी संपली, की मुंडकी आणि हात तुटलेले हे वीर पोरं जिन्याखाली फेकून देत. ते मी गोळा करी.

त्या वर्षी मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला आहे, असं वर्तमानपत्रात आलं होतं. वडील वाचनालयातून मासिकं आणत, त्यांतल्या एकात लिहिलं होतं, की मंगळावर कालवे असल्यासारख्या रेषा दिसतात आणि कुणी सांगावं, तिथे माणसंही असतील. संध्याकाळी अंगणातून तो स्पष्ट दिसे — लालसर, न लुकलुकणारा, रोखून पाहणारा. आणि नेमक्या त्याच दिवसांत बापूमामाने आमच्या अक्काची पत्रिका मांडीवर पसरून, सिगारेटची राख आमच्याच बशीत झाडत सांगितलं, “सातव्या घरात मंगळ बसलाय. चांगला कडक आहे. तो उठेपर्यंत काही खरं नाही.”

अक्का माझी थोरली बहीण. मॅट्रिक झालेली, बावीस वर्षांची. तोवर तीन स्थळं तिला पाहून, पोहे खाऊन, लाडू खिशात घालून गेली होती आणि तिघांकडून पोस्टकार्ड आलं होतं — योग नाही. त्या तिघांतला एक तर दात कोरत बसला होता. अशा माणसांनी अक्काला नाकारावं, याचा राग मला तेव्हाही होता. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मला गुन्हेगाराचं नाव आणि पत्ता कळला. मंगळ. सातवं घर. चाळीत सातव्या खोलीत एक म्हातारे कंपाउंडर राहत, तेव्हा दोन दिवस मी त्यांच्यावर पाळत ठेवली. मग ते घर पत्रिकेतलं असतं हे अक्काने हसून समजावलं. हरकत नाही, म्हटलं. कुठलं का घर असेना, कुणी आगंतुक येऊन बसला असेल तर त्याला हुसकायला सैन्य लागतं, आणि सैन्य माझ्याकडे जिन्याखाली पडलेलं होतं.

माती बायजाबाईने दिली. ती बाळकुमची, मिठागरावर काम करणाऱ्या घरातली, आमच्याकडे निवट्या-कोलंबीची पाटी घेऊन येई. तिच्याकडे मागितली, तर पाटीच्या तळाशी केळीच्या पानात बांधून तिने खाडीचा काळाशार गोळा आणला. लोण्यासारखा मऊ, आणि वास असा, की आईने तो घराबाहेर ठेवायला लावला.

“खाऱ्या मातीचा काय टिकत नाय गो बाय,” बायजाबाई म्हणाली. “ती सदा पानी वडते. कोरडी हाय वाटंल, पन सर्दावली की परत मीठ फुलंल.”

मी ऐकलं नाही. विकतच्या मावळ्यांच्या कोरड्या धडांना ही ओली माती चिकटेना, वाळली की हात गळून पडत. तेव्हा अक्का मदतीला आली. मातीत कापूस पिंजून घालायचा, धडाला आधी डिंकाचं पाणी लावायचं, हाताच्या आत झाडूची काडी घालायची — हे सगळं तिचं. मी मुंडक्यांच्या जागी बल्ब रोवी, ढोबळ हातपाय थापी, आणि मग दुपारची कामं आवरली, की ती केसांतली हेअरपिन काढून माझ्या शेजारी बसे. पोशाखाच्या चुण्या, बुटांचे बंद, पाठीवर हवेच्या टाक्या म्हणून होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या बांधायचे पट्टे... सगळं त्या पिनेच्या टोकाने. बापूमामाच्या सिगारेटच्या पाकिटांतली चांदी आम्ही छातीवर चिकटवली. त्या माणसाचा आमच्या घराला झालेला तेवढाच उपयोग. बोटभर उंचीच्या त्या शिपायांच्या तांदळाएवढ्या बोटांना अक्काने नखं काढली. मी विचारलं, “नखं कोण बघणार आहे?” ती म्हणाली, “असू देत गं. असतात ना माणसाला.”

दादाने पाहिलं तेव्हा तो ओरडलाच, “मावळ्यांची पागोटी उडवून दिवे बसवलेस? महाराजांच्या मावळ्यांना?” मी म्हटलं, “तुमच्या महाराजांनी कचऱ्यात टाकले होते.” त्यानंतर पोरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या बोलण्यात फार काही असे असं नाही. व्हरांड्याच्या कोपऱ्यात विटांचा भुगा पसरून मी माझा मंगळ केला, त्यावर कालवे खणले आणि सात शिपाई हल्ल्याच्या तयारीत उभे केले.

इकडे बापूमामाचीही एक युक्ती चालली होती. डोंबिवलीचं एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा ड्राफ्ट्समन, वडील पेन्शनर, पत्रिकेचा आग्रह कडक. मामाने नवी पत्रिका मांडली आणि तीत अक्काला वीस मिनिटं उशिरा जन्माला घातलं. तेवढ्याने लग्नरास बदलली आणि मंगळ सातव्या घरातून सहाव्यात गेला, जिथे तो म्हणे निरुपद्रवी असतो. आई घाबरत होती. मामा म्हणाला, “अगं, ग्रहसुद्धा समजुतीने घेतात.” मी दाराआडून ऐकत होते. कागदावर ढकलून कुठे मंगळ हलतो का, असं मनात आलं आणि मामाच्या अकलेची कीव आली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बापलेक आले. पोहे झाले, ‘स्वयंपाक येतो का’ झालं, ‘गाता येतं का’ झालं. अक्का नेहमीप्रमाणे सतरंजीच्या नक्षीकडे पाहत होती. मग चूळ भरायला म्हणून दोघे व्हरांड्यात आले आणि तो मुलगा माझ्या मंगळापाशी चक्क उकिडवा बसला. एक शिपाई त्याने दोन बोटांत उचलला, डोळ्यांजवळ नेला.

“ह्याला नखं आहेत!” तो म्हणाला. “कोणी काढली?”

“अक्काने. हेअरपिनने.”

त्याने दारातून आत पाहिलं. अक्काने मान वर केली होती. आलेल्या स्थळाकडे तिने सरळ पाहिलं, असं तोपर्यंत कधी झालं नव्हतं; आणि ती हसली... अगदी थोडंसं, पण मी पाहिलं.

तेवढ्यात त्याचे वडील मायेने वाकून म्हणाले, “काय गं बाळ, डोक्यावर दिवे लावून कुठे निघालेत हे मावळे?”

महिनाभर चाळीत मला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. मी भडाभडा सांगितलं, “मंगळावर! अक्काच्या सातव्या घरात मंगळ बसलाय ना, त्याला हाकलायला. बापूमामाने त्याला सहाव्या घरात ढकललाय, पण नुसत्या कागदावर. लढाईच करावी लागणार.”

आत पेला पडल्याचा आवाज झाला. बापूमामा हसत बाहेर आला. “अहो, मासिकं वाचून बडबडते पोर. मनावर घेऊ नका.”

म्हातारा त्याच्याकडे वळलाही नाही. तो दारात गेला आणि अक्कालाच म्हणाला, “पोरी, तू सांग. पत्रिकेत मंगळ आहे?”

अक्काने आईकडे पाहिलं नाही, मामाकडे पाहिलं नाही. “आहे,” ती म्हणाली.

‘कळवतो’ एवढंही न बोलता म्हाताऱ्याने वहाणा चढवल्या. मुलाच्या हातात अजून शिपाई होता. शिकलेला, मिळवता, चांगला पाच फूट सात इंच पुरुष! त्याने ‘बाबा, थांबा’ म्हणायचं होतं, दोनच शब्द. त्याने काय केलं, तर शिपाई अलगद विटांच्या भुग्यात उभा केला, अगदी नीट, पडणार नाही असा, आणि बापाच्या मागून निघून गेला. माझे सात बल्बवाले त्याच्याहून शूर होते. निदान जागचे हलले नाहीत.

आईने मला मारलं. बापूमामाने लाथेने माझा मंगळ उधळला. खोटं लिहिणारा तो, आणि लाथ मारायचा अधिकारही त्याचाच. काचांचा चुरा अक्कानेच झाडला. संध्याकाळी मी जिन्याखाली रडत बसले होते, तिथे ती येऊन टेकली आणि म्हणाली, “तुझं सैन्य चुकलं गं. मंगळाला हाकलायचं सोडून पाहुण्यांना हाकललं.” मग आम्ही दोघी हसलो. तिचं हसणं आधी थांबलं.

त्यानंतर स्थळं येईनाशी झाली. मंगळ एक वेळ चालतो, पण लपवलेला मंगळ गावभर होतो. अक्का कल्याणला एका शाळेत चित्रकलेची बाई झाली, तिथेच दोन खोल्या घेऊन राहिली आणि चांगली राहिली. माझ्या पत्रिकेत मंगळ नव्हता. माझं रीतसर लग्न झालं. ही गोष्ट मी आयुष्यभर लग्नाकार्यांत गंमत म्हणून सांगत आले. बापूमामाची नक्कल करायची, त्या ड्राफ्ट्समनचं बापामागून निघणं करून दाखवायचं, लोक पोट धरून हसत. त्या दोघांना यथेच्छ नावं ठेवली, की माझं स्वतःचं तोंड त्यात झाकलं जाई. लढाईची बातमी शत्रूला कुणी दिली होती, हे कुणी विचारत नसे.

एकदाच, दोघींचे केस पांढरे झाल्यावर, मी तिला विचारलं, “अक्का, तो तुला आवडला होता का गं?”

ती वांगी चिरत होती. म्हणाली, “त्याला नखं दिसली गं.” आणि चिरत राहिली.

माझा नातू आता बाळकुमला तेविसाव्या मजल्यावर राहतो. परग्रहावरच्या शिपायांचे खोके तो परदेशातून मागवतो. सुटे हात, सुटी डोकी, ती कुठे चिकटवायची त्याचा नकाशा, आणि रंगवायला तीन केसांचे कुंचले. कौतुकाने मला दाखवतो. मी भिंग घेऊन बघते. सगळ्यांना हातमोजे. नखं काढायची कटकटच मिटवली आहे लेकाच्यांनी.

अक्का तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली, जुन्या रुमालात गुंडाळलेला एक शिपाई सापडला. सातातला एक. लाथेतून वाचलेला तेवढाच असावा. त्याची काच शाबूत होती, आतली तारसुद्धा. आणि त्या काचेच्या टकलावर, दोन्ही बाजूंनी खांद्यांपर्यंत सोडलेल्या, बारीक पांढऱ्या मण्यांच्या मुंडावळ्या बांधलेल्या होत्या. मागे गाठ होती, सुईने घालावी तशी चिमुकली, पक्की. कधी बांधल्या, थट्टेने बांधल्या की कशाने, सांगायला ती नाही. मी तो हातात घेऊन तिच्या रिकाम्या खोलीत बसले आणि सत्तर वर्षांत पहिल्यांदा मला कुणाला नावं ठेवायला सुचलं नाही. माझ्यामुळे झालं अक्का, एवढंच म्हटलं, आणि तेही ऐकायला कुणी नव्हतं.

आता तो माझ्या काचेच्या कपाटात असतो. बायजाबाई म्हणाली होती तेच खरं. हवा दमट झाली, की त्याच्या अंगाला ओल येते. पुन्हा ऊन पडलं, की चुण्यांतून, पट्ट्यांखालून, त्या इवल्या नखांच्या कडांनी पांढरं मीठ फुलतं. दर आठ-पंधरा दिवसांनी मी मऊ फडक्याने ते टिपून घेते. मुंडावळ्यांना हात लावत नाही. मीठ पुन्हा येतं.